मेंदूला दुखत नाही, मग दुखतं कुणाला?

शालिनीताई, त्या रविवारापर्यंत तुमचं डोकं आयुष्यात कधी दुखलं नव्हतं. हे तुम्हीच सांगायचात, आणि जरा ओशाळून सांगायचात. सर्दीत कपाळ जड व्हायचं, तेवढंच. मेंदूच्या रक्तवाहिन्यांवर वेदनेचे मज्जातंतू कसे पसरलेले असतात ते बघण्यात तुमची नोकरीची सगळी वर्षं गेली, मेडिकल कॉलेजच्या पोरांना तुम्ही तेच शिकवलंत, आणि डोकेदुखी म्हणजे काय हे विचारायला मात्र तुम्हाला माझ्याकडे यावं लागायचं. तुमच्या भावाच्या बायकोकडे. मी महिन्यातून चार-पाच वेळा खिडक्या लावून, डोळ्यावर ओली पट्टी ठेवून पडलेली असायचे. तुम्ही म्हणायचात, "वैशाली, आपल्या दोघींची मिळून एक पूर्ण शास्त्रज्ञ होते बघ. अर्धी मी, अर्धी तू."

कॉलेजातल्या शोकसभेला मी गेले होते. तुमच्या पदव्या, तुमची शिस्त, तुमचे शोधनिबंध, सगळं सांगून झालं. ते खरंच होतं. पण जी बाई मला आठवत होती ती तिथे कुणाच्या बोलण्यात आली नाही, म्हणून हे लिहायला बसलेय.

मी ह्या घरात आले तेव्हा मखमलाबादच्या आपल्या मळ्यात निशिगंध होता. पहाटे काढणी व्हायची, अंगणात गोणपाटावर फुलांचा ढीग पडायचा, निवडून, वजन करून माल गणेशवाडीच्या फूलबाजारात जायचा. माझं माहेर निफाडचं, द्राक्षाचं. फवारणीच्या औषधाचा वास मी लहानपणापासून सोसलेला, पण हा गोड वास मला सोसेना. आधी डोळ्यापुढे एक चमकती नागमोडी रेघ यायची, मग उजव्या डोळ्यामागे ठसठस सुरू व्हायची, आणि मी ओटीवरून उठून मोरीकडे पळायचे. नव्या सुनेनं फुलं निवडताना उठून जावं हे आईंना कसं पटणार? तुमच्या आई, माझ्या सासूबाई. त्या शेजारणीला माझ्यासमोरच सांगायच्या, "लय नाजूक हाय बाई आमची. काम काढलं का हिचं डोकं उठतं."

एका रविवारी तुम्ही शहरातून आलात तेव्हा मी आत पडलेली होते. तुम्ही दारातून डोकावलात, खिडकीची फट बंद केलीत आणि बाहेर गेलात. तुमचं बोलणं मला भिंतीपलीकडून ऐकू येत होतं.

"आई, तिला खरंच दुखतंय."

"मंग मेंदूत गाठबिठ हाय का काय? दाखवा डाक्टरला."

"गाठ नाही. आणि मेंदूला दुखतच नसतं, आई. मेंदूवर चाकू चालवला तरी त्याला कळत नाही."

"मेंदूला दुखत नाय, मंग दुखतं कुणाला? भिताडाला?"

तुम्ही इतक्या मोठ्यानं हसलात की माझं डोकं आणखी ठणकलं. मग तुम्ही आईंना समजावायला लागलात. मेंदूभोवती आवरणं असतात, त्यांतून रक्तवाहिन्या जातात, त्या वाहिन्यांना केसाहून बारीक मज्जातंतू गुंडाळलेले असतात. त्या तंतूंचं मूळ कानाच्या पुढे, कवटीच्या हाडाच्या एका खोबणीत असतं, आणि त्याच मुळाच्या दुसऱ्या फांद्या डोळ्याला, कपाळाला, दातांना जातात. "म्हणून बिघाड होतो आत आणि ही बाई धरून बसते डोळा. ती नाटक करत नाही, तिच्या नसाच तिला तसं सांगतात."

"शिकीवलं तुला, तं आता तू आम्हाला शिकव," असं म्हणून आई उठून गेल्या. पण दुसऱ्या दिवसापासून फुलांचा ढीग अंगणातून पार विहिरीच्या बाजूच्या छपरात पडायला लागला. कुणी सांगितलं म्हणून, ते आईंनी कधी कबूल केलं नाही. तुमच्या भावाला, संजयला, विचारलं तर तो म्हणाला, "आईच म्हणाली, अंगणात चिखल होतो." उन्हाळा होता तेव्हा.

माझ्या दुखण्याला ह्या घरात नाव मिळालं ते तुमच्यामुळे. हे मी तुम्हाला कधी तोंडावर म्हटलं नाही. आपल्यात तसं बोलायची पद्धत नव्हती.

मग तुम्ही माझी उलटतपासणी सुरू केलीत. दुखणं सुरू व्हायच्या आधी काय होतं? जांभया येतात? किती आधी? गोड खावंसं वाटतं का? केसांना हात लावला तरी दुखतं का? मी म्हसरूळच्या शाळेत गणित शिकवते, मला मोघम बोलायची सवय नाही, हे तुम्हाला आवडायचं. मी सांगितलं की दुसऱ्या दिवशी उजव्या बाजूला कंगवा लावला तरी डोळ्यात पाणी येतं, तेव्हा तुम्ही खुर्चीत पुढे सरकलात. "अगदी बरोबर. अगदी असंच व्हायला पाहिजे." मला राग आला. मी म्हटलं, "ताई, तुम्हाला आनंद झालेला दिसतोय." तुम्ही गोऱ्यामोऱ्या झालात. "आनंद नाही गं. वर्षानुवर्षं मी हे काचेवर बघते. कुणीतरी त्या काचेतून माझ्याशी बोललं असं वाटलं."

तेव्हाच तुम्ही मला कॉलेजात घेऊन गेलात. मे महिन्याची सुट्टी होती, व्हरांडे रिकामे होते. प्रयोगशाळेतल्या एका कोंदट खोलीत तुम्ही दिवे घालवलेत आणि मला सूक्ष्मदर्शकाशी बसवलंत. उंदराच्या मेंदूवरची एक धमनी होती, काचेवर पसरून रंगवलेली. आधी काहीच दिसेना. मग तुम्ही एक चाकी किंचित फिरवलीत आणि अंधारात हिरवे दोरे उजळले. धमनीला आडवेतिडवे वेढून गेलेले, मोगऱ्याच्या वेलीनं खांब धरावा तसे. आणि त्या दोऱ्यांवर जागोजागी गाठी होत्या, बारीक मण्यांसारख्या.

"त्या मण्यांत सगळा माल असतो," तुम्ही माझ्या कानाशी म्हणालात. "पेप्टाइड म्हणजे प्रथिनाचा छोटासा तुकडा. तंतू चिडला की मणी तो सोडतात. धमनी रुंदावते, आवरण सुजतं, आणि दुखण्याची खबर वर जाते. मुख्य आहे सीजीआरपी. त्याच्याबरोबर असतो सबस्टन्स पी."

"पी म्हणजे पेन?"

"सगळ्यांना तसंच वाटतं. पी म्हणजे पावडर! पहिल्यांदा ते पुडीच्या रूपात हाताला लागलं, म्हणून." आणि मग तुम्ही तुमची कहाणी सांगितलीत. पीएच.डी. तुम्ही ह्या पीवरच केली होती. डोकेदुखीचं मूळ तेच असणार असं तेव्हा पुष्कळांना वाटायचं. त्याला अडवणारी औषधं निघाली, माणसांवर वापरून पाहिली, आणि कुणाचीही अर्धशिशी थांबली नाही. त्याच मण्यात शेजारी बसलेलं सीजीआरपी खरं निघालं. "माझं तारुण्य पीनं खाल्लं आणि मान शेजारणीला मिळाला," तुम्ही म्हणालात. मी हसले. तुम्हीही हसलात, पण दिवा लावायला जरा वेळ लावलात.

मी त्या हिरव्या दोऱ्यांकडे पुन्हा पाहिलं. इतका त्रास देणारी गोष्ट इतकी देखणी असावी ह्याचा मला रागच आला होता. तुम्हाला ते सांगितलं नाही.

आपला खरा वाद सुरू झाला तो इंजेक्शनवरून. गोळ्या सगळ्या करून झाल्या होत्या. कशानं वजन वाढलं, कशानं हातपाय बधिर झाले, कशानं दिवसभर झोप. मग नाशिकातल्या मेंदूच्या डॉक्टरांनी ते नवं इंजेक्शन सुचवलं, महिन्यातून एकदा पोटावर घ्यायचं. ते नेमकं सीजीआरपीलाच अडवायचं. मला वाटलं तुम्ही टाळ्या वाजवाल. तुमचं आयुष्यभराचं काम औषध होऊन माझ्या दारात आलं होतं. आणि तुम्ही ताटातली भाकरी तशीच ठेवलीत.

"घेऊ दे की तिला, ताई," संजय म्हणाला. "तूच तर म्हणायचीस, हेच मूळ आहे म्हणून."

"मूळ आहे. पण ते देवानं वैशालीला छळायला घातलेलं नाही तिथे," तुम्ही म्हणालात. "धमनी कुठे आवळायला लागली, मेंदूचा रक्तपुरवठा तुटायला लागला, की हेच तंतू तिला पुन्हा उघडतात. तो पहारेकरी आहे. त्याला वर्षानुवर्षं बांधून ठेवायचं, तर एखाद्या दिवशी खरंच गरज पडली तर उघडणार कोण?"

"ताई, मग तुमच्या पहारेकऱ्याला सांगा ना, चोर नसताना रोज शिट्ट्या मारू नकोस म्हणून!"

संजय हसला, आईही हसल्या. तुम्ही हसला नाहीत. "तुझं म्हणणं खोटं नाही," एवढंच म्हणालात.

मी इंजेक्शन घेतलं. पहिल्या दोन महिन्यांत फारसं काही झालं नाही, आणि मग एका महिन्यात दुखणं आलंच नाही. ज्याला हे कधी झालं नाही त्याला सांगून कळणार नाही. मी शाळेच्या मुलांना घेऊन भर उन्हात चांदवडचा डोंगर चढले, रेणुकामातेच्या देवळाच्या पायरीवर बसून उसाचा रस प्याले आणि काही झालं नाही. तिथूनच तुम्हाला फोन केला. "ताई, मी उन्हात आहे!" तुम्ही पलीकडून म्हणालात, "ऊन कसं आहे गं?" जसं काही तुम्हाला ठाऊकच नव्हतं.

तरी दर भेटीत तुम्ही विचारायचातच. किती दिवस घेणार? मध्ये खंड पाडणार आहेस का? रक्तदाब मोजलास? मी चिडायचे. म्हणायचे, तुमच्याकडे शंका आहे, माझ्याकडे पंचवीस वर्षं गेलेली आहेत. तुम्ही म्हणायचात, शंका घेणं हेच माझं काम. कुणीच हरलं नाही, कुणीच जिंकलं नाही, आणि चहा व्हायचा.

मग तो रविवार. दुपारचं जेवण झालं होतं, तुम्ही आईंजवळ बसून मेथी निवडत होतात. बोलता बोलता तुम्ही थांबलात आणि दोन्ही हात मानेमागे धरलेत. मला वाटलं उसण भरली. तुमचा चेहरा पांढरा पडला होता. तुम्ही अगदी हळू म्हणालात, "वैशाली, संजयला गाडी काढायला सांग. आत्ता." मी विचारलं, दुखतंय? "हे तुझं नाही. हे एका क्षणात आलं, पूर्णच्या पूर्ण. वाहिनी फुटली असावी." आईंना तुम्ही सांगितलंत, पित्त झालंय, येतेच. मेथीची जुडी त्यांच्या मांडीवर ठेवून तुम्ही स्वतः चालत गाडीपर्यंत गेलात. पंचवटीच्या सिग्नलला तुम्हाला उलटी झाली, आणि तशातही तुम्ही मला सांगत होतात की डॉक्टरांना सांग, सुरुवात अचानक झाली, शुद्ध गेली नव्हती.

तुमचं निदान बरोबर निघालं. मेंदूच्या तळाशी धमनीला आलेला फुगा फुटला होता. जांघेतून नळी घालून त्यांनी तो बंद केला. डॉक्टर बाहेर येऊन म्हणाले, फुगा बंद झाला, आता पुढचे दिवस महत्त्वाचे. बाहेर सांडलेल्या रक्तामुळे धमन्या आवळू शकतात. संजयनं माझ्याकडे पाहिलं. हे आम्ही दोघांनी जेवणाच्या ताटावर ऐकलेलं होतं.

तुम्ही शुद्धीवर होतात. खोलीत अंधार केलेला, डोळ्यावर रुमाल. मी आत आले तर तुम्ही पावलांवरून ओळखलंत. मी खुर्ची ओढली नाही, कारण त्या आवाजाचं काय होतं ते मला माहीत होतं. उभीच राहिले. तुम्ही म्हणालात, "इतकी वर्षं तू सांगत होतीस, मी लिहून घेत होते. आज कळलं गं."

मला ते ऐकायचं नव्हतं, ताई. तुम्हाला न कळताच राहिलं असतं तर किती बरं झालं असतं.

दुसऱ्या दिवशी तुम्ही जरा बोलायला लागलात. तुटक, डोळे मिटून, पण शिकवत असल्यासारख्या. म्हणालात, आता आत धमन्यांभोवती रक्त साकळलंय, त्या आवळायला बघतायत, आणि माझे ते हिरवे दोरे मणी रिते करतायत, धमनीला उघड, उघड म्हणत. "मोठ्या रक्तस्रावात ते देऊन देऊन रिकामे होतात. मग नवीन भरायला वेळ लागतो." मी म्हटलं, "ताई, बोलू नका." मग मलाच राहवलं नाही. मी म्हणाले, "मी ते इंजेक्शन बंद करते. तुमचंच खरं होतं."

तुम्ही रुमाल बाजूला केलात. उजेड सोसत नव्हता तरी माझ्याकडे पाहिलंत. "मूर्खपणा करायचा नाही. माझी ती शंका होती, निकाल नव्हता. माझ्या धमनीवरून तुझ्या डोक्याचा निर्णय करायचा नाही." दम लागला म्हणून थांबलात. मग, "चांदवडला उन्हात बसलीस ना तू, ते मी कुठल्या तराजूत घालू? मला जमलं नाही ते."

एवढं आपलं शेवटचं नीट बोलणं. त्याच्यापुढे तुम्ही आणखी काहीतरी सांगणार होतात, पण परिचारिका औषध घेऊन आली आणि तिनं मला बाहेर जायला सांगितलं. काही दिवसांनी तुमचे शब्द इकडचे तिकडे व्हायला लागले. संजयला तुम्ही बाबांच्या नावानं हाक मारलीत. मग उजवा हात गेला, मग बोलणं गेलं. डॉक्टरांनी धमन्या उघड्या ठेवायला जे करता येईल ते सगळं केलं. मी बाहेरच्या बाकावर बसून तुमच्या त्या दोऱ्यांना मनातल्या मनात विनवत होते, आणखी थोडं द्या, थोडंच. मी गणिताची शिक्षिका. असं कुणाला विनवायची मला सवय नाही.

तुम्ही गेलात तेव्हा सकाळ होती, आणि तुम्हाला बरेच दिवस काही कळत नव्हतं.

त्यानंतर माझं इंजेक्शन आलं. फ्रिजमध्ये खोका दिसायचा आणि मी दार लावून टाकायचे. मग एक दिवस मी डॉक्टरांकडे जाऊन तुमची शंका जशीच्या तशी मांडली. माझं वय, रक्तदाब, घरातला इतिहास, सगळं त्यांच्यापुढे ठेवलं. तुम्ही माझ्या नणंद, तुमचं माझं रक्ताचं नातं नाही, ह्याची त्यांनीच मला आठवण करून दिली. किती विचित्र वाटलं ते ऐकताना. ते म्हणाले, प्रश्न योग्य आहे, अजून पूर्ण उत्तर कुणाकडे नाही, माझ्या बाबतीत त्यांना घ्यायला हरकत दिसत नाही, पुढे खंड पाडून बघू. घरी येऊन मी इंजेक्शन घेतलं. तुमची शंकाही ठेवलीय. संजयला मात्र मी दर दोन दिवसांनी रक्तदाब मोजायला लावते, त्याचं तुमचं रक्त एक आहे म्हणून. तो कुरकुरतो.

इंजेक्शन असलं तरी एखादं दुखणं वाट काढतंच. परवा दुपारी आलं, पूर्वीसारखं. जागरणं, पाहुणे, रडणं, कशानं तरी. मी आतल्या खोलीत पडले. दार वाजलं नाही, पण थोड्या वेळानं कुणीतरी आत आल्याचं कळलं. आई होत्या. त्यांनी पदराला हात पुसले आणि माझ्या उशाशी जमिनीवर बसल्या. आता त्यांना खाली बसायला भिंत धरावी लागते. माझ्या कपाळावर त्यांनी हात ठेवला. तुम्ही गेल्यापासून त्या रडल्या नव्हत्या. सगळ्यांना त्याची काळजी होती.

"संजू म्हणतो, शालीला काय कळलंच नाय. झोपंतच गेली," त्या म्हणाल्या. "समदेच तसं म्हणत्यात. डाक्टर बी म्हणला." मग माझ्याकडे न बघता, "तू व्हतीस ना तिच्यापाशी. तू सांग. लय दुखलं का तिला?"

संजयनं मला बजावलं होतं, आईला काही सांगायचं नाही, ह्या वयात सोसणार नाही. "नाही" माझ्या तोंडापर्यंत आलं होतं. पण ताई, माझ्या दुखण्याबद्दल लोक वर्षानुवर्षं माझ्याशी काय काय बोलले ते मला आठवतंय. दुखणाऱ्याच्या वतीनं नाही म्हणणं मला जमेना.

"हो आई," मी म्हटलं. "पहिले काही दिवस लय दुखलं. नंतर नाही दुखलं."

त्यांचा हात माझ्या कपाळावरच होता. तो हलला नाही. "काय म्हणायची?"

"काही नाही. कळ आली की आई गं म्हणायच्या."

"आई गं म्हणायची?"

"सारखं."

"मंजी मलाच बोलवीत व्हती," आई म्हणाल्या. आणि मग त्या रडल्या, ताई. मोठ्यानं, तोंडाला पदर न लावता. माझं डोकं फुटत होतं, तरी मी उठून बसले आणि त्यांना धरलं. त्या तुमचं नाव घेऊन रडत होत्या, त्या रविवारी मेथी निवडायला का बसवली म्हणून रडत होत्या, आणि मी त्यांना गप्प करायला गेले नाही.

संध्याकाळी संजय मळ्यातून आला, आणि आईंचा चेहरा बघून माझ्यावर डोळे वटारले. आईंनी त्याला हातानंच थांबवलं. "तिला काय बोलू नको," त्या म्हणाल्या. "आन् इथनं पुढं मला कुणी खोटं सांगू नका. माझ्या लेकीला दुखलं व्हतं."